काचपेटीतील सोनेरी मासा : पचनाचे बिघाड कसे ओळखावेत

गाय रवंथ करीनाशी झाली, की घरातील लहान मूलही म्हणते, आज हिचे काहीतरी बिनसले आहे. कुत्र्याने दोन वेळा अन्नाकडे पाठ फिरविली, तर सारी मंडळी त्याच्याभोवती गोळा होतात. पोपट पिसे फुगवून बसला, तर आजीबाई पिंजऱ्यावर पंचा पांघरतात. काचपेटीतील माशाच्या वाट्याला मात्र हे भाग्य क्वचितच येते. तो आपल्याला ऐकू येईल असे विव्हळत नाही. त्याच्या मुद्रेवर वेदना उमटत नाही. आणि तो पाण्यात असल्यामुळे अंगाला हात लावून पाहण्याचीही सोय नाही. एके दिवशी सकाळी तो पाण्यावर निश्चेष्ट तरंगताना दिसतो आणि ‘पाणी मानवले नाही’ एवढे म्हणून प्रकरण मिटते. वस्तुतः त्या सकाळच्या आधी पुष्कळदा चार-आठ दिवस त्याचे शरीर काहीतरी सांगत असते. त्यातही पोटाची तक्रार तो बरीच स्पष्टपणे सांगतो. ती कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यार्थिमित्रहो, घरी पाळल्या जाणाऱ्या माशांच्या जाती इतक्या आहेत, की सर्वांना एकच नियम लावणे अशक्य होय. म्हणून येथे मुख्यतः सोनेरी मासा, ज्याला बाजारात गोल्डफिश म्हणतात, तो उदाहरणादाखल घेतला आहे. इतर माशांचा उल्लेख जरुरीपुरता येईल. सोनेरी मासा हा माणसाच्या सहवासात फार जुना. चीनमध्ये एक हजाराहून अधिक वर्षांपूर्वी तळ्यांतील साध्या, मळकट रंगाच्या माशांत मधूनमधून तांबूस पिल्ले निपजत. ती वेगळी काढून वाढविता वाढविता आजचा सोनेरी मासा सिद्ध झाला. पुढे चीनमध्ये व जपानमध्ये शौकिनांनी त्याच्या देहाशी आणखी खेळ केला. ओरांडा, र्‍युकिन, फँटेल इत्यादी जातींचे लांबट शरीर आखूड होत होत अंड्याच्या आकाराचे झाले. शरीराचा डबा लहान झाला, परंतु आत भरावयाचे सामान पूर्वीचेच राहिले. आतडे, यकृत, वाताशय, मादी असेल तर अंडाशय, ही सारी त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसतात. दिसावयास हे मासे मोहक खरे. पण त्यांच्या पोटाच्या तक्रारींचे बरेचसे मूळ या दाटीत आहे, आणि ती दाटी निसर्गाने केलेली नाही.

या माशाच्या रचनेतील पहिली नवलाची गोष्ट अशी, की त्याला जठर नाही. आपण खाल्लेले अन्न प्रथम एका पिशवीत साठते, तेथे आम्ल आणि पेप्सिन यांच्या योगाने त्यावर संस्कार होतात आणि मग ते थोडे थोडे पुढे सोडले जाते. सोनेरी माशाची अन्ननलिका सरळ आतड्यालाच मिळते. आतड्याचा आरंभीचा भाग किंचित रुंद असतो, एवढेच. तेथे आम्ल पाझरत नाही. साहजिकच पचनाचा सारा भार पित्तावर आणि स्वादुपिंडाच्या व आतड्याच्या पाचक रसांवर पडतो. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या ओळखीचे मासेही याच कुळातील असून तेही बिनजठराचेच आहेत. याउलट शेजारच्याच काचपेटीत डौलाने फिरणाऱ्या एंजल माशाला जठर असते. मत्स्यपालकांत एक वचन रूढ आहे, की माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते, सबब तेवढेच खाद्य घालावे. थोडे घालावे हा त्यातील उपदेश चांगला. परंतु ज्याला जठरच नाही त्याच्या जठराचे माप डोळ्यावरून काढणे हे जरा गमतीचेच म्हणावे लागेल.

साठवणीची पिशवी नसल्यामुळे सोनेरी मासा एका वेळी भरपेट जेवून दिवसभर स्वस्थ बसण्यासाठी घडलेला नाही. तळ्यात तो दिवसभर तळाचा गाळ चाळतो. शेवाळ, किडे, कुजकी पाने यांतून कणकण टिपतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. तेथे एका कठीण गादीवर दाबून तो अन्न चिरडतो. तोंडाच्या छताशी रुचिकलिकांनी गच्च भरलेला एक मांसल उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने तोंडात घेतलेल्या वाळूतून अन्नाचा कण नेमका वेगळा करून तो बाकीचे थुंकून टाकतो. म्हणून त्याने वाळू थुंकली, किंवा एखादा दाणा एकदा बाहेर टाकून पुन्हा तोंडात घेतला, तर घाबरण्याचे कारण नाही. दाणा वारंवार तोंडात घेऊन अखेर तो सोडून देणे ही गोष्ट मात्र वेगळी. दाणा फार मोठा किंवा फार टणक असेल, तोंडात खडा अडकला असेल, अथवा प्रकृतीच ठीक नसेल. तळाशी वाटाण्याएवढे खडे घातलेल्या पेटीत खडा अडकण्याचा प्रकार विशेष घडतो. खडे घालावयाचेच असतील, तर माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे घालावेत, नाहीतर बारीक वाळू घालावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपले शरीर बाहेर थंडी असो वा ऊन, आपली उष्णता कायम राखते. मासा मात्र ज्या पाण्यात असेल त्या पाण्याइतकाच ऊन किंवा गार असतो. पाणी दहा अंशांनी थंड झाले, की त्याच्या देहव्यापारांचा वेग साधारणतः निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि पचनही त्याच प्रमाणात मंदावते. आमच्या माळव्यात पौष महिन्यात रात्री पारा दहा अंशांच्या खाली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. घरातील पाणी एवढे थंड होत नसले, तरी ते दिवसरात्र पुष्कळ वरखाली होते. सोनेरी मासा मूळचा थंड पाण्यातला. तो हे सोसतो, फक्त त्याचा आहार कमी करावा लागतो. गप्पी, एंजल, गुरामी हे उष्ण प्रदेशातील मासे, त्यांना चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपासचे पाणी लागते. त्यांच्या पेटीत उष्णता देणारी नळी नसेल आणि हिवाळ्यातही उन्हाळ्याइतकेच खाद्य पडत असेल, तर ते अन्न आतड्यात रेंगाळते. ‘थंडीत मासे सुस्तावतात’ असे आपण सहज म्हणतो. त्या सुस्तीत पुष्कळदा पोटाच्या जडपणाचाही वाटा असतो.

आता लक्षणांकडे वळू. पहिले लक्षण विष्ठेचे. त्याविषयी लिहिताना वा वाचताना संकोच वाटण्याचे कारण नाही. वैद्य जसा नाडी आणि जीभ पाहतो, तसे मत्स्यपालकाने हे पाहावयाचे असते. आणि हा एकच पुरावा असा आहे, की जो माशाच्या शरीराच्या आतून बाहेर येऊन आपल्या डोळ्यांपुढे तरंगतो. निरोगी सोनेरी माशाची विष्ठा बहुधा खाद्याच्याच रंगाची असते. तांबडे दाणे घातले तर तांबूस, पालक घातला तर हिरवी. ती दोऱ्यासारखी बाहेर येते, थोडा वेळ माशामागे लोंबते, मग तुटून तळाशी जाते आणि लवकरच विस्कटते. थोडीशी लोंबणारी विष्ठा पाहून नवखे पालक भितात. ते व्यर्थ होय.

लक्ष द्यावयाचे ते पुढील फरकांकडे. तोच दोरा कित्येक तास तसाच लोंबत आहे, तो जाड आहे, किंवा त्यात मध्येच हवेचे बुडबुडे आणि रिकाम्या जागा आहेत, तर अन्न नीट पुढे सरकत नाही असे समजावे. दोन दिवस मासा खात आहे आणि विष्ठा मुळीच दिसत नाही, तर बद्धकोष्ठाचा संशय घ्यावा. मात्र त्याआधी एक खात्री करून घ्यावी, की विष्ठा खरोखरच झालेली नाही, की ती वाळूत दडली, फिल्टरने ओढून घेतली किंवा दुसऱ्या माशाने चिवडली. या खात्रीसाठी आजारी माशाला वाळू नसलेल्या, मोकळ्या तळाच्या वेगळ्या पेटीत ठेवणे हा उत्तम मार्ग आहे. पाणी पहिल्याच पेटीतले घ्यावे.

सर्वांत अधिक गैरसमज आहे तो पांढऱ्या दोऱ्याविषयी. पांढरा किंवा काचेसारखा पारदर्शक दोरा दिसला, की दुकानदार लगेच जंतांचे औषध काढून देतो. वास्तविक आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बुळबुळीत श्लेष्मा सतत तयार होत असतो. आतडे रिकामे असेल तर तोच नुसता बाहेर पडतो आणि पांढरा दिसतो. मासा काल उपाशी असेल, तर आज पांढरा दोरा दिसणे अगदी स्वाभाविक आहे. पण मासा रोज व्यवस्थित खात असून दिवसामागून दिवस दोरा पांढराच येत असेल, आणि त्याबरोबर मासा बारीक होत चालला असेल, तर मात्र आतड्याचा दाह किंवा परजीवी यांचा विचार केलाच पाहिजे. एंजल आणि डिस्कस या माशांच्या आतड्यात स्पायरोन्यूक्लियस नावाचा एकपेशीय सूक्ष्म जीव वाढून असे घडते. ताज्या विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास हे जीव वेगाने धावताना दिसतात. विष्ठा शिळी झाली की काही कळत नाही. म्हणजे एकच पांढरा दोरा एका माशात केवळ काल केलेला उपवास दाखवितो, तर दुसऱ्यात गंभीर रोग. फरक दोऱ्यात नसून माशाने काल काय खाल्ले, या प्रश्नाच्या उत्तरात आहे. आणि ते उत्तर घरात कोणालाच ठाऊक नसते. कारण सकाळी बाबांनी घातलेले, दुपारी ताईने घातलेले आणि संध्याकाळी धाकट्याने गुपचूप घातलेले, यांचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

म्हणून पेटीजवळ एक लहान वही दोरीने बांधून ठेवावी. तिच्यात तारीख, पाण्याची उष्णता, काय व किती घातले, आणि विष्ठेचा रंग, एवढेच लिहावे. ज्यांना विज्ञानाची आवड आहे त्यांनी याच वहीत एक सोपा प्रयोग करून पाहावा. रोज तपकिरी दाणे खाणाऱ्या निरोगी सोनेरी माशाला एके सकाळी उकडलेल्या पालकाचा किंवा मटारचा लहानसा घास द्यावा आणि घड्याळात वेळ टिपावी. हिरवी विष्ठा प्रथम केव्हा दिसते ते पाहावे. हाच प्रयोग वैशाखात आणि पुन्हा पौषात करावा. पाण्याची उष्णता आणि अन्नाचा आतड्यातील प्रवास यांचा संबंध पुस्तकातील वाक्यापेक्षा या दोन आकड्यांवरून अधिक चांगला समजेल. शिवाय आपल्या माशाला ‘नेहमी’ किती वेळ लागतो हे माहीत असले, की बिघाड झाल्याचे त्वरित ध्यानी येते.

दुसरे लक्षण पोटाच्या आकाराचे. पोट नेहमी दोन बाजूंनी पाहावे, समोरच्या काचेतून आणि वरून. वरून पाहिल्याशिवाय केलेले निदान अपुरे समजावे. जेवणानंतर पोट थोडे गोल दिसते आणि काही तासांत ओसरते, ते सोडून द्यावे. वसंत ऋतूच्या सुमारास प्रौढ मादीचे पोट अंड्यांनी भरते. ते बहुधा एका बाजूला थोडे अधिक असते, आणि मादी नेहमीप्रमाणे खाते व हिंडते. गप्पी व प्लॅटी या जातींत तर पिल्लेच जन्मतात. गाभण मादीच्या पोटामागे काळसर डाग गडद होतो, त्यावरून ती ओळखावी. बद्धकोष्ठाची फुगी खालच्या बाजूला जाणवते, विष्ठा थांबलेली किंवा खंडित असते, मासा खाण्यास उत्सुक नसतो, परंतु अंगावरील खवले गुळगुळीत, चापून बसविल्यासारखेच असतात.

हे खवल्यांचे लक्षण फार मोलाचे आहे. कारण चौथ्या प्रकारची एक फुगी असते, तिच्यात सारे शरीर सुजते आणि वरून पाहिले असता खवले पिसे फुलविलेल्या कोंबडीप्रमाणे बाहेर उभारलेले दिसतात. कधी डोळेही पुढे येतात. याला जलोदर म्हणतात. हा पचनाचा विकार नव्हे. शरीरातील पाणी बाहेर टाकण्याचे मूत्रपिंडाचे काम कोलमडल्यामुळे, पुष्कळदा जंतूंच्या संसर्गामुळे, पोटाच्या पोकळीत द्रव साठलेला असतो. अशा माशाला बद्धकोष्ठ समजून नुसते उपाशी ठेवण्यात मोलाचे दिवस वाया जातात. आणि उलट, साध्या बद्धकोष्ठाला जलोदर समजून तीव्र औषधे ओतणे हेही तितकेच घातक. दोन माशांची पोटे सारखीच फुगलेली असताना एकाला केवळ दोन दिवसांचे लंघन पुरते आणि दुसऱ्याचे प्राण टांगणीला लागलेले असतात. आणि हा भेद वरून टाकलेल्या एका नजरेने कळतो. खवले उभारलेले दिसताच मासा वेगळा करून त्याच दिवशी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. खरे सांगावयाचे तर या अवस्थेतून वाचणारे मासे थोडेच.

पोट खपाटीला जाणे हे फुगण्याइतकेच वाईट, पण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मासा खातो, तरी डोक्यामागील भाग खोलगट होत जातो आणि पोटाची रेषा आत वळते. आतड्यातील जंत, जुनाट संसर्ग, किंवा दांडग्या सोबत्यांमुळे प्रत्यक्षात काहीच खायला न मिळणे, ही त्याची कारणे. तिसरे कारण आधी तपासावे. ते केवळ पाच मिनिटे पेटीसमोर बसून कळते. जंतांपैकी एक प्रकार, कॅमॅलॅनस, गप्पीसारख्या लहान माशांत बराच आढळतो. मासा स्थिर असताना त्याच्या गुदद्वारातून तांबडे, केसासारखे बारीक टोक बाहेर डोकावते आणि मासा हलताच आत जाते. हे दिसले तर शंकेला जागा नाही. औषध पशुवैद्याकडून घ्यावे आणि ते त्या पेटीतील सर्व माशांना लागू करावे लागते. तळ्यातून किंवा डबक्यातून गाळून आणलेले जिवंत खाद्य हे अशा जंतांच्या प्रवेशाचे एक द्वार आहे, कारण त्यांची पिल्ले पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांच्या पोटात वाढतात.

तिसरे लक्षण पोहण्याचे. माशाच्या पाठीच्या कण्याखाली वाताशय नावाची हवेची पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहू शकतो. सोनेरी माशात या पिशवीचे दोन कप्पे असतात आणि तिच्यापासून एक बारीक नळी अन्ननलिकेला मिळते. अशा शेजारामुळे एकाच्या बिघाडाचा उपद्रव दुसऱ्याला होतो. आतडे अन्नाने वा वायूने तट्ट फुगले, की आखूड देहाच्या माशांत वाताशयावर दाब येतो. मग मासा शेपूट वर करून डोके खाली घालतो, जेवणानंतर पृष्ठभागावर कलंडून तरंगतो, किंवा तळाशी पोट टेकून पडतो आणि वर येण्यासाठी फार धडपडतो. हा प्रकार जेवणानंतर दिसून काही तासांनी ओसरत असेल, तर दोष बहुधा पोटाचा. जेवणाशी त्याचा काहीच संबंध दिसत नसेल, तर वाताशयाचा संसर्ग, जन्मजात व्यंग किंवा पाण्याचा दोष यांकडे पाहावे. काही अंडाकृती मासे आयुष्यभर थोडे तिरके पोहतात आणि तरीही खाऊनपिऊन वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्यावर रोज नवे उपचार करीत राहणे हा त्यांचा छळच होय.

वर पाण्याच्या दोषाचा उल्लेख आला. तो किरकोळ समजू नये. मासा आपल्या शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरमध्ये वाढणारे उपयोगी जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पुरेसे नसतील, तर अमोनिया साचतो. मग मासा खाणे सोडतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, आणि आपण त्याच्या पोटाला दोष देतो. उन्हाळ्यात आणखी एक भर. समुद्रसपाटीवर वीस अंश उष्णतेच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांवर सुमारे साडेसातच. अन्न पचविताना माशाला प्राणवायू अधिक लागतो. म्हणून मे महिन्यात भर दुपारी पोटभर खाऊ घातलेला मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकतो. तेथे खाद्य वाढविण्याऐवजी हवेचा पंप लावावा.

याकरिता क्रम असा ठेवावा, की मासा खात नाही किंवा पोट फुगले असे दिसताच आधी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट मोजण्याची द्रावणे बाजारात मिळतात. दोन्ही शून्य आढळली पाहिजेत. नसल्यास पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी पहिल्याइतकेच ऊन-गार असावे आणि क्लोरीनरहित असावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याने साधा क्लोरीन उडून जातो. परंतु जेथे पाण्यात क्लोरामाइन मिसळतात, तेथे त्यासाठीचे औषधी थेंबच घालावे लागतात. सारे पाणी एकदम बदलून पेटी घासून लखलखीत करण्याची हौस मात्र टाळावी. तीत उपयोगी जीवाणूंचा बळी जातो.

पाणी ठीक असेल आणि लक्षणे बद्धकोष्ठाची असतील, तर मोठ्या व धष्टपुष्ट माशाला एक ते तीन दिवस काहीही खायला घालू नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे निर्दयपणाचे वाटते. पण ‘लंघन’ हा शब्द त्यांच्याच तोंडी आपण ऐकलेला असतो. बारीक झालेल्या माशाला किंवा लहान पिल्लांना मात्र असे उपाशी ठेवू नये. लंघनानंतर मटारचा एक दाणा उकडून, साल काढून, कुस्करून थोडा थोडा द्यावा. अनुभवी पालक सोनेरी माशासाठी हा उपाय फार दिवसांपासून करीत आले आहेत. कीटकभक्षक अशा फायटर माशाला मटार रुचत नाही; त्याला डॅफ्निया द्यावा, त्याचे कवच तेच काम करते. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम मीठ, याचाही उपयोग होतो. परंतु त्याची मात्रा पाण्याच्या मापावर ठरते, ती पशुवैद्याला विचारूनच घ्यावी, आणि स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे तेच अशी समजूत करून घेऊ नये. माणसासाठी आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या फोडून पेटीत टाकण्याची चाल तर सर्वथा निषिद्ध मानावी. तिने फिल्टरमधील उपयोगी जीवाणू मरतात आणि रोगजंतू त्या औषधाला सरावतात.

हे झाले बिघाडानंतरचे. बिघाड होऊ नये म्हणून काय घालावे आणि किती, हा प्रश्न जुनाच आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाच्या प्रकरणात निरनिराळ्या माशांच्या खाद्यांचा विचार आढळतो. तेथे हेतू मासा गळाला लागावा हा आहे, आपला हेतू तो सुखाने जगावा हा. पण प्रत्येक जातीचे खाणे वेगळे, हे दोघांनीही ध्यानी घ्यावयाचेच. सोनेरी माशाला दोन मिनिटांत संपेल एवढे खाद्य दिवसातून दोन वेळा पुरे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. आखूड देहाच्या जातींना तळाशी बसणारे दाणे क्षणभर पाण्यात भिजवून घालावेत. ते आतड्यात जाऊन फुगण्याऐवजी बाहेरच फुगतात, आणि मासा पृष्ठभागावर तोंड मारून हवा गिळत नाही. पोळीचे तुकडे, बिस्किटे, मुरमुरे आणि पावाचा चुरा यांनी मुलांची करमणूक होते, माशाचे पोषण होत नाही, आणि उरलेला अंश पाणी नासवितो. पाहुणे आले, की त्यांच्या लहान मुलांना मासे दाखविण्याच्या निमित्ताने दिवसात चार वेळा डबा उघडला जातो. मासाही प्रत्येक वेळी काचेशी येऊन तोंड हलवितो. ती भूक असतेच असे नाही. माणूस दिसला की खाद्य पडते, हे तो शिकलेला असतो.

खाद्याचा डबा हाही एक दुर्लक्षित विषय आहे. बहुतेक माशांना जीवनसत्त्व ‘क’ अन्नातूनच मिळावे लागते आणि ते डबा उघडल्यानंतर हळूहळू नष्ट होते. स्निग्धांश खवट होतो. पावसाळ्यात दमट हवेने दाण्यांवर बुरशी धरते आणि बुरशीचे विष यकृताला बाधते. म्हणून स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा घेण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांत संपेल एवढा लहान डबा घ्यावा, आणि ओला हात त्यात घालू नये. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना ‘आठ दिवसांचे एकदम’ म्हणून मूठभर खाद्य टाकणारी घरे पुष्कळ आहेत. निरोगी, मोठा सोनेरी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. ती मूठ मात्र दोन दिवसांत कुजून त्याला मारू शकते. अधिक दिवस जाणे असेल, तर शेजाऱ्यांकडे रोजच्या मापाच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवून जावे.

पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आली, तर वही, पेटीतील पाण्याचा स्वच्छ बाटलीत भरलेला नमुना, खाद्याचा डबा आणि शक्य असल्यास मासा कसा पोहतो याचे चलच्चित्र बरोबर न्यावे. हल्ली ते घरातील कोणाच्याही फोनवर घेता येते. इंदूरजवळ महू येथे १९५५ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माशांचा विचार करणारा वैद्य कोठे भेटेल याची चौकशी तेथेही करता येईल.

आणखी एक सूचना स्वतःच्या रक्षणाविषयी. पेटीतील घाण काढताना रबरी नळी तोंडाने ओढून पाणी सुरू करण्याची सवय पुष्कळ मुलांना असते. ती अजिबात नसावी. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू माशांना खंगवितो आणि माणसाच्या हातावरील लहानशा जखमेतून शिरून त्वचेवर चिवट गाठी उठवितो. हाताला कापले किंवा खरचटले असेल तर हातमोजा घालावा, आणि काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. आजारी माशाची जाळी निरोगी पेटीत बुडवू नये. ती धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. मेलेला मासा तत्काळ काढून अंगणात खोल पुरावा. जिवंत पण नकोसा झालेला मासा तळ्यात किंवा नदीत सोडू नये. तो दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, आणि देताना वहीही बरोबर द्यावी.